आईबाबांना हॉटेलात गहाण कसं ठेवावं

जर्मनीत येताय ना? अभिनंदन! व्हिसा, घर, टॅक्स आयडी वगैरे किरकोळ गोष्टी कुणीही सांगेल, मी तुम्हाला खरा उपयोगी सल्ला देतो, तोही ताजा, गेल्या शनिवारचा.

पहिलं म्हणजे फोन आणि कार्डाच्या भरवशावर घराबाहेर पडू नका. पुण्यात टपरीवरचा दहा रुपयांचा चहा तुम्ही क्यूआर कोड स्कॅन करून प्यायला असाल, पण ते आपल्याकडे झालं. हा प्रगत देश आहे, इथे नोटा लागतात.

चिल्लर जमवा. शेजारी नेदरलँड्समध्ये रोख बिल पाच सेंटच्या पटीत करून टाकतात, इथे असला आळशीपणा नाही, 1.99 च्या पावावर एक सेंट इमानदारीत परत मिळतो. सहा महिन्यांत पँट आपोआप कमरेखाली येते. मग मोजून 50 नाणी काढा आणि दुकानात द्या, कारण एका वेळी 50 च्या वर नाणी घ्यायचं बंधन कुणावर नाही असा युरोपचा नियम आहे. 50 चालतात!

सुपरमार्केटची ट्रॉली साखळीतून सोडवायला लागणारं एक युरोचं नाणं लक्ष्मीपूजनातल्या नाण्यासारखं जपा.

युरोला शंभराने गुणू नका. (आई गुणते. गुणू द्या.)

एकदाच वापरायची प्लॅस्टिकची रिकामी बाटली दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की अनामतीच्या 25 सेंटची चिठ्ठी मिळते. ती खिशात ठेवून पँट धुवायला टाका.

‘कार्ड चालेल’ असं कुठे दिसलं तर हुरळून जाऊ नका, ते बऱ्याचदा इथल्या बँकांचं गिरोकार्ड असतं, तुमचं व्हिसा कार्ड तिथे पाहुणं.

आता मुख्य धडा. शनिवारी स्टुटगार्टमध्ये आईबाबांना घेऊन जेवायला गेलो, आईला चालेल असं चीज घातलेलं श्पेट्झल (इकडच्या जाडसर शेवया) मिळालं, सगळे खूश, बिल आलं 87 युरो 40 सेंट. वेटरने आकडा उच्चारला तो सात-आणि-ऐंशी असा, तर बाबा म्हणाले अरे हे तर आपलं सत्त्याऐंशीच की, आपल्यासारखेच उलटे बोलतात. इथपर्यंत संध्याकाळ छान होती. मी कार्ड पुढे केलं तर तो म्हणाला, "नूर बार." म्हणजे फक्त रोख. बाबांना वाटलं हा बारमध्ये चला म्हणतोय, ते म्हणाले नको नको, आम्ही घेत नाही. माझ्या खिशात 35 युरो. मग काय, आईबाबा आणि बायको टेबलावर गहाण, आणि मी पावसात पळत एटीएम शोधतोय, सापडलं ते दुसऱ्या बँकेचं, स्क्रीनवर विचारतंय 4.99 युरो फी आहे, मंजूर? नामंजूर करून जाऊ कुठे? परत आलो तर टेबलावरचे ग्लाससुद्धा उचललेले आणि आई पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरून ताठ बसलेली, चोरी करताना पकडल्यासारखी. बाबा विचारतात, स्वतःचेच पैसे काढायला पाचशे रुपये? आणि तो वेटर, माझ्या हातातल्या पन्नासच्या दोन नोटा बघून, ते जाडजूड काळं पाकीट उघडत काय म्हणाला असेल? सुट्टे नाहीत का!

अरे, सुट्टे कुठून आणू? तुम्हाला कार्ड नको ना, नका घेऊ, पण दारावर लिहा, मोठ्या अक्षरात, मेनूच्या शेवटच्या पानावर कुठल्या सॉसमध्ये कुठलं प्रिझर्व्हेटिव्ह आहे त्या यादीच्या खाली नको! कमिशन परवडत नाही म्हणता, मग माझे पाच युरो मशीनवाल्याने खाल्ले, ते ना तुम्हाला मिळाले ना मला. आणि बेकरीत एका पावाचीही पावती छापून देतात, 2020 पासून तसा कायदाच आहे, तुम्ही मात्र वहीच्या कागदावर पेनाने बेरीज करून देता. कार्ड का नको ते कळतं आम्हाला, एवढे बावळट नाही आहोत.

आणि आपली मराठी मंडळी! ग्रुपवर हे सांगितलं तर लगेच तिघांनी समजावलं, अरे इथल्या लोकांना प्रायव्हसी महत्त्वाची असते, आपणच रोख ठेवायला हवी, त्यात त्यांची काय चूक. तुमची आई बसली होती का तिथे पर्स धरून? नाही ना? मग गप्प बसा.