फाइल पुन्हा अडकली!

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे जोरात असले की आमच्या पेढीत रोज तीच ओरड: “अहो, ॲक्सेस कुणाकडे उघडंय? बंद करा की!” चार कॉम्प्युटर आणि शेअर्ड फोल्डरात ॲक्सेसची, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्रामची, एकच फाइल. बाहेर शेतकरी पट्टीसाठी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदासाठी, ताटकळलेला, गावाकडची एसटी चुकायची वेळ झालेली.

किती वेळा सांगू? डेटाबेसचे दोन भाग करा. नोंदींची टेबलं तेवढी सर्व्हरवर ठेवा. फॉर्म आणि रिपोर्टांची फाइल प्रत्येकाच्या मशीनवर वेगळी द्या. ॲक्सेसमध्येच ती सोय आहे, अर्ध्या तासाचं काम! आणि त्या फोल्डरात लिहायचे-पुसायचे अधिकार सगळ्यांना द्या. ॲक्सेस तिथं लॉकची छोटी फाइल तयार करतं. ती करता आली नाही की पहिल्यानं उघडलं आणि बाकीचे बाहेर.

वर मालकांचा मुलगा वायफायवरच्या लॅपटॉपवरून नोंदी करतो. मधेच रेंज गेली की फाइल खराब होते. गेल्या महिन्यात दोन दिवसांच्या पट्ट्या आम्ही वहीवरून पुन्हा चढवल्या, रात्री नऊपर्यंत बसून. केबल ओढा म्हटलं, तर “बघू.” बॅकअप म्हटलं, तरी “बघू.”