दोजिन्शी, फॅन कॉमिक्स आणि माझं चुकलेलं शीर्षक

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा थोडा राग आला, दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर लेखाचं शीर्षक बदलायला घेतलं.

इतरांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखाचं शीर्षक होतं ‘दोजिन्शी : जपानी फॅन कॉमिक्सची दुनिया’. त्यावर तुमचं म्हणणं असं, की शीर्षकातच अर्थ सांगून टाकलात, मग खाली साकुरु, हाम्पु, ओकुझुके अशी जपानी शब्दांची वरात कशाला? शिवाय पैसे घेऊन पुस्तक द्यायचं आणि ‘विक्री’ म्हणायचं नाही हे ढोंग आहे आणि मी ते भाबडेपणाने उचलून धरलं. आणि शेवटचा टोला : आपल्याकडे ‘शब्द’, ‘असो’सारखी अनियतकालिकं, म्हणजे ठरावीक तारखेविना निघणारे छोटे साहित्यिक अंक, निघाली, तेव्हा असल्या परिभाषेवाचून कुणाचंही अडलं नाही.

पहिला आक्षेप मान्य, पण उलट्या बाजूने. जास्तीचं होतं ते शीर्षक, शब्द नव्हेत. ‘दो’ म्हणजे समान, ‘जिन’ म्हणजे माणूस. आपला ‘समानधर्मी’ इथे चपखल बसतो. ‘शी’ म्हणजे मासिक, नियतकालिक. समानधर्म्यांनी मिळून काढलेला अंक, एवढाच मूळ अर्थ. त्यात ना ‘फॅन’ आहे, ना ‘कॉमिक्स’. १८८५ साली ओझाकी कोयो आणि त्याच्या विद्यार्थीमित्रांनी ‘गाराकुता बुंको’ नावाचा अंक काढला. सुरुवातीला तो हाताने लिहून एकमेकांत फिरवत. आपल्या शाळा-कॉलेजांतलं ‘हस्तलिखित’ आठवा, तेच. गाराकुता म्हणजे अडगळ, भंगारसामान. त्यात ना मांगा (जपानी कॉमिक्स) होता ना अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन), निव्वळ साहित्य होतं. आजही टोकियोत कोमितिया नावाचा मेळा भरतो, १९८४पासून, आणि तिथे दुसऱ्याच्या पात्रांवर बेतलेलं काहीच चालत नाही, सगळं स्वतःचं लागतं. २००२ साली सुरू झालेल्या बुंगाकु फ्रीमा ह्या मेळ्यात तर कथा-कविता-समीक्षेचीच टेबलं. ही सगळी दोजिन्शीच. दुसऱ्याच्या पात्रांवर रचलेल्या गोष्टींना वेगळा शब्द आहे, ‘निजि सोसाकु’, दुय्यम निर्मिती. तुम्हाला जे फॅन कॉमिक्स वाटतंय ते हे. मी दोन्हींची गल्लत केली, आणि तीही शीर्षकात.

(जाता जाता : ‘दोउजिन्शी’ लिहायला हवं होतं, असंही तुम्ही सुचवलंय. रोमन लिपीतला तो ‘ओ-यू’ दीर्घ ओ दाखवण्यासाठी असतो. मराठी ‘ओ’ मुळातच दीर्घ. त्यामुळे दोजिन्शीच बरं.)

साकुरु, म्हणजे दोजिन्शी काढणारा गट, त्याबद्दलही माझंच चुकलं. मूळ शब्द इंग्रजी ‘सर्कल’, आणि मी भाषांतर केलं ‘मंडळ’. मंडळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वर्गणी, अध्यक्ष आणि मांडव येतो. तिथे एकटीच बाई लिहिते, चितारते, छापखान्याच्या तारखा सांभाळते आणि सकाळी टेबलामागे बसते, तरी अर्जावर साकुरूचं नाव लागतं. कारण सरळ आहे. सुरुवात खरोखरच्या गटांनी केली. कोमिके हा दोजिन्शींचा सगळ्यात मोठा मेळा २१ डिसेंबर १९७५ला पहिल्यांदा भरला तेव्हा जेमतेम ३२ साकुरु होते. माणसं एकेकटी झाली, शब्द मागे राहिला. ‘शी’चंही तेच झालं. आज बहुतेक दोजिन्शी एकाच व्यक्तीची, एकदाच निघणारी, वीस-तीस पानांची असते; तिला लाडाने ‘उसुइ होन’, पातळ पुस्तक, म्हणतात. नियतकालिक कसलं आलंय त्यात!

आता ढोंगाचं. इथे मी सहज मान तुकवणार नाही.

विक्रीला जपानीत शब्द आहे ‘हाम्बाइ’. दोजिन्शीवाले म्हणतात ‘हाम्पु’, म्हणजे वाटप, वितरण. पैसे घेतले जातात, नाही कोण म्हणतंय? पण कोमिकेत ‘गिऱ्हाईक’ नावाचं माणूसच नसतं. टेबलामागचा सहभागी, रांगेतला सहभागी, पाण्याची बाटली धरून रांग सांभाळणारा स्वयंसेवकही सहभागीच. गिऱ्हाईक नाही म्हणून ‘मी पैसे मोजलेत, मला हवं तसं पाहिजे’ हा सूरही तिथे चालत नाही. नियम शब्दातच आहे. ‘विक्री’ लिहिलं असतं तर वाक्य सोपं झालं असतं आणि नियम गळून पडला असता.

ह्या शब्दामागे कायद्याची सोयही दडलेली आहे, हे मी लेखात लिहायला हवं होतं. तिथे तुम्ही बरोबर बोट ठेवलंत. जपानी कायद्यात प्रताधिकारभंगाचा खटला मुख्यतः मूळ हक्कदाराने तक्रार केली तरच उभा राहतो. २०१८च्या अखेरीस ह्यात बदल झाला, पण तो मूळ कृती जशीच्या तशी छापून विकणाऱ्यांपुरता. दुय्यम निर्मिती त्याबाहेर ठेवली. म्हणजे सगळा डोलारा प्रकाशकाच्या डोळेझाकीवर उभा. ‘आम्ही धंदा करत नाही, छपाईचा खर्च भरून काढतो’ हे सांगणारा शब्द मग अंगरख्यासारखा उपयोगी पडतो. तो अंगरखा फाटतोही. ‘डोरेमॉन’चा कल्पित शेवट रंगवणारी एक दोजिन्शी २००५च्या सुमारास निघाली, तिच्या तेराएक हजार प्रती गेल्या. मुखपृष्ठही अस्सल पुस्तकासारखं. शेवटी प्रकाशकाने हरकत घेतली. २००७ साली काढणाऱ्याने माफी मागितली आणि मिळकतीतला वाटा दिला. तेरा हजार प्रतींना ‘वाटप’ म्हणणं जड जातं, कबूल. पण पन्नास प्रती झेरॉक्स काढून, स्टेपल मारून आणणाऱ्या पोरीला (ह्याला ‘कोपी-बोन’ म्हणतात, अर्थ सांगायला नको) त्याच मापाने ढोंगी ठरवणं मला पटत नाही.

परिभाषेवाचून अडत नाही म्हणता, तर एक उदाहरण घ्या. दोन पात्रांची जोडी जमवून गोष्ट लिहिली की मधे गुणाकाराचं चिन्ह टाकून दोघांची नावं लिहितात. ह्यात डावीकडचा ‘सेमे’, पुढाकार घेणारा, आणि उजवीकडचा ‘उके’, स्वीकारणारा. नावं उलटी केली की जोडी तीच, पण पुस्तक दुसरं, वाचक दुसरे, बऱ्याचदा टेबलांची रांगही दुसरी. मराठीत आपण ‘अमुक-तमुकची जोडी’ म्हणून मोकळे होतो आणि क्रमाकडे बघतही नाही. तिथे क्रम चुकवून विचारलंत तर समोरची व्यक्ती हसून एवढंच म्हणेल, ‘काइशाकु-चिगाइ’, अर्थ लावण्यातला फरक. भांडण न करता दार लावून घ्यायला इतका सभ्य शब्द आपल्याकडे असता तर किती कट्टे वाचले असते!

आणि हे शब्द पांडित्यातून आलेले नाहीत, थट्टेतून आलेत. ‘याओइ’ घ्या. पुरुष-पुरुष प्रेमकथांना चिकटलेला हा शब्द सत्तरच्या दशकात दोजिन्शीवाल्या मुलींनी स्वतःच्याच लिखाणावर काढलेला चिमटा आहे : ‘यामा नाशि, ओचि नाशि, इमि नाशि’. ना चढण, ना शेवटचा झटका, ना अर्थ. तिन्हींची आद्याक्षरं. ‘फुजोशी’, म्हणजे अशा कथांच्या चाहत्या मुली, हा शब्द तर त्याहून तिखट. बायाबापड्या ह्या अर्थाच्या साध्या शब्दातलं पहिलं अक्षर बदलून, उच्चार तोच ठेवून, ‘कुजलेल्या पोरी’ केलं, आणि तेच नाव स्वतःला लावून घेतलं.

राहिली अनियतकालिकं. त्यांना परिभाषा नव्हती हे मला पटत नाही. ‘अनियतकालिक’ हा शब्दच बघा. नियतकालिकाला नकार देत, ‘आम्ही तारखेला बांधील नाही’ असं नावातच सांगणारा. जपान्यांना हा शब्द कळला असता तर त्यांनी तो उचललाच असता, छापखान्याची मुदत चुकवण्यात त्यांचाही हातखंडा आहे.

शीर्षक आज बदललं. ‘मंडळ’ काढून ‘साकुरु’ केलंय, ‘हाम्पु’ तसाच ठेवलाय, खाली कायद्याचा परिच्छेद जोडलाय. एक विनंती. तुमच्याकडे त्या अनियतकालिकांचे अंक जपून ठेवलेले आहेत असं तुम्ही लिहिलंय. दोजिन्शीच्या शेवटच्या पानावर ओकुझुके असतं : काढणाऱ्याचं नाव, छापखाना, तारीख, संपर्क. ते नसेल तर कोमिकेत पुस्तक मांडू देत नाहीत. तुमच्या अंकांवर मागे काय छापलंय, आणि किंमत लिहिली असेल तर तिला काय म्हटलंय, ‘किंमत’ की ‘देणगीमूल्य’ की आणखी काही? फोटो नको, नुसतं टाइप करून पाठवलंत तरी चालेल.