बोर्डावर नाव कुणाचं?

आमच्या सहकारनगरातल्या हॉटेलात काल नवी फ्रेम लागलेली दिसली. ‘आमची वाटचाल’. वर आजोबांचा टोपीतला फोटो, खाली तीन पिढ्यांची नावं, शेवटी ‘तीच घरगुती चव’. मिसळ येईपर्यंत दोनदा वाचून झाली. (तेवढा वेळ लागतोच तिथे.)

नाव लिहीत नाही. ओळखलंत तरी कमेंटमध्ये लिहू नका, मला तिथे पुढेही खायचंय.

हे हॉटेल पानशेतमुळे झालेलं. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं, नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं आणि पूरग्रस्तांसाठी सहकारनगर, गोखलेनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. दुकान वाहून गेलेल्या आजोबांनी इथे चार बाकडी टाकून चहा-वडा सुरू केला. पर्वतीच्या मागे कोण येणार खायला, असं म्हणून नातेवाईक हसले म्हणे. पुण्यात दर पिढीला हे वाटतंच. १९३५ साली कॅफे गुडलक निघालं तेव्हा डेक्कन म्हणजे लकडी पुलापलीकडचं उपनगर. आज तो चौकच गुडलक चौक! त्याच साली लक्ष्मी रोडवर मूकपटवाल्या नानासाहेब सरपोतदारांनी पूना गेस्ट हाउस काढलं, हे आपल्यातले बरेच जण झोपेतही सांगतील. कुणी काढलं ते आपल्याला पाठ असतं. रांधलं कुणी, हा प्रश्न कुणी विचारत नाही. मीही कधी विचारला नव्हता.

आमच्या हॉटेलात रांधायचे वस्ताद. राजापूरकडचे. पहाटे चारला भट्टी पेटवायची, रात्री बाकडी जोडून त्यांवरच झोपायचं, शिमग्याला आणि गणपतीला गावी. त्या दिवसांत सँपल, म्हणजे मिसळीचा रस्सा, वेगळं लागायचं. पातळ नव्हे, तिखटही कमी नव्हे, पण काहीतरी चुकलेलं. मालक म्हणायचे, मसाला तोच आहे. मसाला खरंच तोच होता, वरच्या मजल्यावर आजी स्वतः कुटायच्या. (फ्रेममध्ये त्याही नाहीत. तीन पिढ्या काय नुसत्या पुरुषांनीच वाढवल्या?) मसाला घरचा आणि हात वस्तादांचा, अशी ती चव होती. तिला एकट्या घराची म्हणणं मला पटत नाही.

कुटुंबाचे कष्ट मी नाकारत नाही. नातू इंजिनिअर होऊनही गल्ल्यावर बसतो. बिल्डरच्या चकरा चालू असताना हॉटेल चालवायला छाती लागते. म्हणूनच बिल देताना त्याला सरळ विचारलं, वस्तादांचं नाव काय होतं रे?

तो गडबडला. वडिलांना फोन लावला. पलीकडून बराच वेळ आवाज नाही, मग, “वस्तादच म्हणायचो आपण.”

पगाराची जुनी वही माळ्यावर असेल, शोधतो म्हणाला. पुढच्या रविवारी जाणार आहे.