डाउनी की हेअरी: चुकलो, पण अर्धाच

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा मुकाट्याने फोटो उघडून पाहिला. तुमचे आक्षेप दोन. न्यू जर्सीतल्या सुतार पक्ष्यांवरच्या माझ्या लेखातला दुसरा फोटो डाउनी सुताराचा नाही, त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या हेअरी सुताराचा आहे. आणि कुठला पक्षी कुठे सापडतो यावर खर्ची घातलेले चार परिच्छेद म्हणजे नुसतं पाल्हाळ, कारण पक्षी ओळखून देणारं मर्लिन ॲप दोन सेकंदांत नाव सांगतं.

फोटोबद्दल कान पकडतो. दोघेही काळे-पांढरे, पाठीवर तोच पांढरा पट्टा, नराच्या डोक्यामागे तोच लाल ठिपका. फरक चोचीत. डाउनीची चोच डोक्याच्या साधारण एक तृतीयांश, हेअरीची जवळजवळ डोक्याएवढी. आणि फोटोत नेमकी चोचच पक्ष्यांसाठी टांगलेल्या चरबीच्या वडीत रुतलेली! पण शेपटीच्या कडेची पिसं तुम्ही म्हणता तशी कोरी पांढरी आहेत. डाउनीला तिथे काळे ठिपके असतात. शेजारी दुसरा पक्षी नसताना मी आकारावरून अंदाज ठोकला. असं करू नका म्हणून इतरांना मीच बजावत असतो. फोटोखालची ओळ बदलली आहे.

पाल्हाळाचं मात्र मान्य नाही. माझी चूक झाली ती फीडरवर, म्हणजे पक्ष्यांसाठी खाणं टांगतो तिथे, जिथे दोघेही एकाच जाळीला लटकतात. रानात त्यांची वाट बरीच वेगळी. आमच्या घरामागच्या पडीक तुकड्यात हिवाळाभर वाळलेलं गोल्डनरॉड नावाचं तण उभं असतं. काही दांड्यांवर सुपारीएवढी गोल गाठ असते, तिच्या आत माशीची अळी थंडी काढते. डाउनी येऊन त्या दांड्याला बिलगतो. दांडा झुलतो, हा तसाच लटकून गाठीवर टोचत राहतो. थोड्या वेळाने बारीक भोक, आणि अळी गट्टम. याचं वजन जेमतेम २१ ते २८ ग्रॅम, म्हणून हे जमतं. हेअरी निदान दीडपट तरी भारी. तो सहसा मोठ्या झाडांचे बुंधे आणि जाड फांद्या धरून असतो. तणाच्या काडीवर टकटक करणारा काळा-पांढरा सुतार दिसला की मी चोच मापत बसत नाही.

मर्लिन मीही वापरतो. (हे दोघे ओरडले की त्याची खरी मदत होते. डाउनीची किणकिण शेवटाकडे उतरत जाते, हेअरीची एका पट्टीत राहते.) पण त्यात पायरीपायरीने ओळखायला बसा. सुरुवातीलाच विचारतं, कुठे दिसला, केव्हा दिसला. पुढे विचारतं, काय करत होता: फीडरवर खात होता, जमिनीवर होता, झाडाझुडपांत होता की तारेवर? माझे चार परिच्छेद याच प्रश्नांचे होते. ते पाल्हाळ असेल तर एक प्रतिक्रिया मर्लिन बनवणाऱ्या कॉर्नेल विद्यापीठवाल्यांनाही पाठवा.

तिसरा परिच्छेद, अंगणातल्या ओकचा, खरंच लांबला होता. तो छाटलाय. आणि तुमच्याकडे हेअरीचा चोच दिसणारा फोटो असेल तर द्या, माझ्याकडे एकही धड नाही.