नाव लपवलं म्हणून वायफाय सुरक्षित होत नाही

‘दुकान, लॉज, ऑफिसचं वायफाय पाचपट फास्ट करा, टेक्निशियनचे पैसे वाचवा’ असा एक मेसेज सध्या कोल्हापुरातल्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर फिरतोय. गुजरीतल्या ओळखीच्यांकडून आला, उद्यमनगरातल्या वर्कशॉपवाल्यांकडून आला, तोवर मी दुर्लक्ष केलं. पण महाद्वार रोडच्या मागच्या गल्लीत यात्री निवास चालवणाऱ्या माझ्या मामांनी तो पुढे पाठवला आणि त्यातला दुसरा उपाय करूनही टाकला. आता गप्प बसणं शक्य नाही.

मेसेजमध्ये सात उपाय आहेत. एक, राउटरची पॉवर ‘हाय’ करा. दोन, वायफायचं नाव लपवा, म्हणजे पासवर्डची गरजच नाही आणि पासवर्ड काढला की स्पीड वाढतो. तीन, २.४ गिगाहर्ट्झवर चॅनेलची विड्थ (रुंदी) ४० मेगाहर्ट्झ करा आणि गर्दी नसलेला ३ किंवा ९ नंबरचा चॅनेल निवडा. चार, रेंज कमी पडली तर कुठलाही दुसरा राउटर आणून केबलने जोडा. पाच, रोज रात्री रीस्टार्ट करा. सहा, फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, कधीही अपडेट करू नका. सात, अँटेनामागे चांदीचा कागद लावा.

सुरुवात दुसऱ्यापासूनच करतो, कारण बाकीच्या बहुतेकांनी फार तर नेट रडतं, याने माणूस अडचणीत येतो.

नाव लपवलं की होतं एवढंच, की अॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय देणारं यंत्र, सतत जी हाळी देत असतो तिच्यातली नावाची जागा रिकामी जाते. हाळी बंद होत नाही. फोनमधलं कुठलंही फुकटचं वायफाय अॅनालायझर अॅप उघडा, ते नेटवर्क बिननावाचं दिसेल, चॅनेल नंबर आणि सिग्नलसकट. आणि नावही फार काळ लपत नाही. तुमचाच फोन जोडला जाताना ते नाव हवेत उघडपणे सांगतो, तशी या यंत्रणेची रचनाच आहे. वायरशार्कसारखं, नेटवर्कवरची बोलणी वाचणारं फुकट सॉफ्टवेअर आणि ते चालेल असं वायफाय कार्ड असलेला लॅपटॉप घेऊन कुणी गल्लीत थांबला, तर एक फोन जोडला जाईपर्यंतच त्याला वाट बघावी लागते. उलट आपला तोटा असा, की लपवलेलं नेटवर्क ज्या फोनमध्ये सेव्ह आहे तो फोन बाहेर कुठेही गेला तरी त्या नावाने हाका मारत राहू शकतो. नाव लपवून पासवर्ड काढायचा म्हणजे दुकानाचा बोर्ड उतरवून ठेवायचा आणि शटर उघडं टाकून घरी जायचं.

पासवर्ड काढल्याने स्पीड वाढतो, हेही खोटं. डब्ल्यूपीए२ ही पासवर्डच्या वायफायची सुरक्षा पद्धत २००४ पासून आहे आणि तिचं एन्क्रिप्शन आजच्या राउटरमधली चिपच करते. तिथे वेग अडत नाही. फरक पडतो तो सुरक्षेत. उघड्या नेटवर्कवर जे काही कुलूपबंद (https) साइटवरून जात नाही ते हवेत जसंच्या तसं जातं. बँकेचं अॅप स्वतःचं एन्क्रिप्शन करतं, ते मी मान्य करतो. पण यात्री निवासात काय काय जोडलेलं असतं? कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डीव्हीआर, बहुतेक ठिकाणी बसवणाऱ्याने ठेवलेल्या मूळ पासवर्डवरच. बिलिंगचा कॉम्प्युटर, आणि त्यावर प्रिंटरसाठी शेअर केलेलं फोल्डर, ज्यात पाहुण्यांच्या आधार कार्डांचे स्कॅन पडलेले असतात. अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या कुटुंबाने विश्वासाने दिलेली ती कागदपत्रं आहेत. खालच्या रस्त्यावरचा अनोळखी माणूस त्याच नेटवर्कमध्ये आला, की त्याच्यात आणि त्या फोल्डरमध्ये उरतं काय?

आणि कनेक्शन कुणाच्या नावावर आहे? २६ जुलै २००८ ला अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले, त्याच्या थोडंच आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला होता. माग काढत तपास यंत्रणा नवी मुंबईतल्या एका घरापर्यंत पोहोचली. त्या घरातल्या माणसाने ईमेल पाठवला नव्हता, त्याचं वायफाय दुसऱ्यानेच वापरलं होतं. तरी चौकशीला सामोरं जावं लागलं ते त्यालाच. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वायफायच्या सुरक्षित वापराबद्दल इंटरनेट कंपन्यांना सूचना काढल्या. म्हणजे हा धोका कुणाच्या कल्पनेतला नाही, आपल्याच राज्यात घडलेला आहे. लॉजमध्ये प्रत्येक पाहुण्याचं ओळखपत्र बघून नोंदवहीत सही घेणारे मामा रस्त्यावरच्या कुणालाही आपल्या नावावरचं नेट वापरू देत होते, तेही एका निनावी मेसेजवर विश्वास ठेवून. याचा मला मनापासून राग आला.

आता चॅनेल. २.४ गिगाहर्ट्झवर आपल्याकडे १ ते १३ चॅनेल, एकमेकांपासून ५ मेगाहर्ट्झवर. पण एका वायफायला जागा लागते साधारण २० मेगाहर्ट्झ. म्हणून एकमेकांवर न चढणारे नेहमीचे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. तुम्ही ३ वर बसलात की १ वाल्यालाही त्रास आणि ६ वाल्यालाही, आणि दोघांचा त्रास तुम्हाला. एकाच चॅनेलवरची यंत्रं एकमेकांचं ऐकून आळीपाळीने बोलतात. अर्धवट चढलेल्या चॅनेलवर त्यांना एकमेकांचं बोलणं समजत नाही, नुसता गोंगाट होतो. रिकामा दिसणारा ३ नंबर म्हणूनच रिकामा असतो. आणि अख्खा पट्टा ८३.५ मेगाहर्ट्झचा, त्यातले ४० एकट्याने अडवायचे, तेही राजारामपुरीसारख्या दाट बाजारपेठेत? तिथे २० च ठेवा. रुंद विड्थ हवी तर ५ गिगाहर्ट्झवर घ्या. २०१८ च्या अधिसूचनेने त्या पट्ट्यातला मोठा भाग विनापरवाना खुला झालाय, तिथे जागा भरपूर आहे.

पॉवर ‘हाय’ केली की फोनवर काड्या पूर्ण दिसतात, त्यामुळे हा उपाय लोकांना पटतो. पण वायफाय दोन्ही बाजूंनी चालतं. राउटरचा आवाज तिसऱ्या मजल्यावर पोहोचला तरी फोनचा बारीक आवाज खाली पोहोचला पाहिजे ना? काड्या पूर्ण, पान मात्र उघडत नाही, ही तक्रार अनेकदा इथूनच येते. दोन-तीन अॅक्सेस पॉइंट असतील तर अजून वाईट. कुठल्याला चिकटायचं हे शेवटी फोन ठरवतो, आणि रिसेप्शनवरचा मोठ्याने ओरडत असेल तर वर गेलेला फोन त्यालाच धरून बसतो. तिथे पॉवर मध्यम केली की उलट सुधारतं. पेठांमधल्या जुन्या दगडी भिंती किंवा उद्यमनगरातले पत्रे पॉवर वाढवून ओलांडले जात नाहीत. भिंतीच्या पलीकडे केबल टाकून दुसरा अॅक्सेस पॉइंट लावणं हाच मार्ग.

त्यामुळे चौथा उपाय निम्मा बरोबर आहे, आणि म्हणूनच तो फसवतो. दुसरा राउटर जसाच्या तसा लॅन पोर्टमध्ये खुपसला की जोडलेल्या यंत्रांना पत्ते वाटणारे दोघे होतात, आणि बऱ्याचदा दोघांचा स्वतःचा पत्ताही एकच असतो, १९२.१६८.१.१ किंवा तसलाच. मग काहींचं नेट चालतं, काहींना ‘कनेक्टेड, नो इंटरनेट’. तो राउटर आधी एकटा लॅपटॉपला जोडा. सेटिंगमध्ये अॅक्सेस पॉइंट मोड असेल तर तो निवडा. नसेल तर त्याचा पत्ता बदलून समजा १९२.१६८.१.२ करा, मुख्य राउटर जे पत्ते वाटतो त्यांच्या बाहेरचा. त्याचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याचं काम, बंद करा, आणि केबल वॅन, म्हणजे बाहेरून नेट येण्याच्या पोर्टमध्ये न घालता लॅन पोर्टमध्ये घाला. बिघाड ओळखायचा असेल तर अडलेल्या फोनमध्ये वायफायचा तपशील उघडून गेटवे, म्हणजे नेट देणाऱ्या राउटरचा पत्ता, बघा. चालणाऱ्या फोनपेक्षा वेगळा दिसला तर दुसरा वाटप्या जागा आहे. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर पत्ता मिळालेलाच नाही.

रीस्टार्टचं थोडं खरं आहे, नाइलाजाने कबूल करतो. केल्यावर चालतं. पण का चालतं ते मेसेजवाल्याने शोधलं नाही. यात्री निवासात फोन येतात आणि जातात. सकाळी दर्शन, दुपारी जोतिबा, संध्याकाळी गाडी. पाहुणा गेला तरी त्याच्या फोनला दिलेला पत्ता लीज संपेपर्यंत अडकून राहतो, आणि बऱ्याच राउटरमध्ये ती मुदत २४ तास असते. वाटायला शंभरच पत्ते ठेवलेले असतील तर नवरात्रात ते दुपारीच संपतात. रीस्टार्टने बऱ्याच राउटरमध्ये ती यादी पुसली जाते, म्हणून चालतं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. लीज दोन तासांवर आणा, पत्त्यांची संख्या वाढवा. रोजची कटकट इथेच मिटेल.

फर्मवेअर अपडेट करू नका म्हणणाऱ्याला ऑक्टोबर २०१७ मध्ये डब्ल्यूपीए२ मध्येच सापडलेली त्रुटी माहीत नसावी. ती अपडेटनेच बुजली. अपडेट चालू असताना लाइट गेली तर राउटर मरू शकतो, ही भीती खरी आहे, म्हणून तो यूपीएसवर ठेवा आणि वादळी पावसात हात लावू नका. चांदीच्या कागदाने एका बाजूचा सिग्नल अडतो आणि दुसऱ्या बाजूला कधी थोडा वाढतो. त्यावर यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं नाही.

सातही उपायांत केबल कशी असावी याचा उल्लेख नाही, याचं आश्चर्य वाटतं. गिगाबिटला केबलच्या चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसला दोनच. उरलेल्या दोन जोड्यांतली एक तार क्रिंप करताना, म्हणजे जॅकमध्ये दाबताना, नीट बसली नाही तर नेट चालू राहतं, पण १०० वर अडकतं. राउटरच्या स्टेटस पानावर पोर्टसमोर १०० दिसलं तर आधी जॅक बदला. आणि केबल शुद्ध तांब्याचीच मागा, तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची नको. पीओईवर, म्हणजे नेटच्या केबलमधूनच येणाऱ्या विजेवर, चालणारा अॅक्सेस पॉइंट लांबच्या अशा केबलवर मध्येच बंद पडू शकतो.

ज्यांनी दुसरा उपाय आधीच केलाय त्यांनी आज रात्री ही कामं याच क्रमाने करावीत. नाव परत दिसू द्या. सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ करा, नवा लांब पासवर्ड घाला, डब्ल्यूपीएस, म्हणजे बटण किंवा पिनने जोडण्याची सोय, बंद करा. पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क चालू करा आणि त्यावरून बिलिंगचा कॉम्प्युटर आणि प्रिंटर दिसणार नाहीत अशी सेटिंग ठेवा. राउटरचा अॅडमिन पासवर्ड बदला. मग डीव्हीआरचा बदला, आणि तो मोबाइलमधल्या कॅमेऱ्याच्या अॅपमध्येही लगेच भरा, नाहीतर सकाळी कॅमेरे दिसत नाहीत म्हणून कुणीतरी जुनाच पासवर्ड परत लावेल.