‘ब्लॅक फिल्म फेस्टिव्हल आता कशाला?’ या फॉरवर्डला उत्तर

अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर एक फॉरवर्ड अधूनमधून फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, सूर तोच राहतो. म्हणणं साधारण असं: कृष्णवर्णीय दिग्दर्शकांचे वेगळे महोत्सव म्हणजे उलटा वंशवाद. ‘ब्लॅक पँथर’ने अब्जावधी कमावले, ‘मूनलाइट’ला ऑस्कर मिळालं, मग आता वेगळी चूल कशाला? चित्रपट चांगला असेल तर तो चालतोच. उद्या कुणी ‘व्हाइट फिल्म फेस्टिव्हल’ काढला तर चालेल का? आणि यूट्यूबच्या जमान्यात या वस्तीपातळीवरच्या महोत्सवांना विचारतो कोण?

खाली ‘बरोबर आहे’ म्हणणाऱ्यांत मनापासून सिनेमा बघणारे, चांगलं वाचणारे लोकही दिसतात. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

‘चित्रपट चांगला असेल तर चालतोच’

आधी हाच मुद्दा घेतो, कारण बाकीचा फॉरवर्ड याच्याच टेकूवर उभा आहे.

चार्ल्स बर्नेट हा लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठातला विद्यार्थी. सत्तरच्या दशकात त्याने शहरातल्या वॉट्स या वस्तीत शनिवार-रविवार शूटिंग करून ‘किलर ऑफ शीप’ हा कृष्णधवल चित्रपट केला. 16 मिलिमीटरची फिल्म, खर्च 10 हजार डॉलरच्या आत, पडद्यावर बहुतेक वस्तीतलीच माणसं. नायक स्टॅन कत्तलखान्यात कामाला आहे. चित्रपटातला एक प्रसंग सांगतो. स्टॅन आणि त्याचा मित्र एक जुनं इंजिन विकत घेतात. दोघं मिळून ते जड धूड जिन्यावरून, धापा टाकत, एकेक पायरी करत खाली आणतात आणि पिकअपच्या मागच्या कडेवर ठेवतात. आणखी आत सरकवायचं त्राण उरलेलं नसतं. गाडी सुरू होते आणि इंजिन रस्त्यावर आपटून कामातून जातं. दोघं बघतात आणि निघून जातात. रडारड नाही, संगीत नाही. पगारातून वाचवलेले पैसे क्षणात मातीमोल होणं काय असतं, हे इतक्या थोडक्यात दाखवणारा प्रसंग मी दुसरा पाहिलेला नाही.

हा चित्रपट 1977 मध्ये पुरा झाला. 1981 मध्ये बर्लिन महोत्सवात त्याला समीक्षकांचं पारितोषिक मिळालं. 1990 मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या राष्ट्रीय चित्रपटांच्या यादीत तो घेतला. आणि अमेरिकेत तो रीतसर थिएटरात लागला कधी? 2007 मध्ये. तीस वर्षांनी.

उशिराचं मोठं कारण गाण्यांचे हक्क होतं, हेही सांगायला हवं. चित्रपटात वापरलेल्या गाण्यांची परवानगी घ्यायला विद्यार्थ्याकडे पैसे नव्हते. शेवटी त्या हक्कांसाठी सुमारे दीड लाख डॉलर मोजावे लागले, म्हणजे चित्रपटाच्या खर्चाच्या पंधरापट. कुणी दार लावून घेतलं होतं असं नाही. पण पारितोषिक आहे, राष्ट्रीय मान आहे आणि तरी ही रक्कम भरायला तीस वर्षांत बाजारातला कुणी पुढे येत नाही. ‘चांगला असेल तर चालतोच’ या वाक्यात हा हिशेब कुठे बसतो? मधल्या काळात हा चित्रपट जिवंत राहिला तो महोत्सवांत, म्युझियमांत आणि कॉलेजांच्या सभागृहांत दाखवल्या जाणाऱ्या प्रतींवर.

दुसरं उदाहरण जास्त जिव्हारी लागणारं आहे. कॅथलीन कॉलिन्सने 1982 मध्ये ‘लूझिंग ग्राउंड’ केला. तत्त्वज्ञान शिकवणारी एक कृष्णवर्णीय प्राध्यापिका, तिचा चित्रकार नवरा, एका उन्हाळ्यात दोघांत पडत गेलेलं अंतर. झोपडपट्टी नाही, गुन्हेगारी नाही, पोलीस नाहीत. अशा कृष्णवर्णीय माणसांची गोष्ट विकायची कुणाला, हे वितरकांना कळेना. चित्रपट थिएटरांत लागलाच नाही. 1988 मध्ये कॉलिन्स कर्करोगाने गेली, अवघ्या 46व्या वर्षी. पुढे तिच्या मुलीने निगेटिव्ह सोडवून घेतली, चित्रपट नव्याने तयार करवून घेतला आणि 2015 मध्ये न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये, जुन्या स्वतंत्र ब्लॅक चित्रपटांच्या खास मालिकेत तो दाखवला गेला. समीक्षकांनी डोक्यावर घेतला. तेच संवाद, तीच दृश्यं, तोच चित्रपट. गुणवत्ता 1982 मध्येही तेवढीच होती. बघणारी माणसं आणि पडदा एकत्र आले नव्हते, आणि ते एकत्र आणण्याचं कामच असे महोत्सव करतात.

‘ब्लॅक पँथर आणि मूनलाइटनंतर गरज संपली’

‘ब्लॅक पँथर’ने 2018 मध्ये जगभरात 130 कोटी डॉलरहून जास्त कमावले, हे खरं. त्याचा दिग्दर्शक रायन कूगलर. फॉरवर्डमध्ये त्याचं नाव येतं, पण तो आला कुठून हे येत नाही. 2011 मध्ये, एकही मोठा चित्रपट नावावर नसताना, त्याच्या ‘फिग’ या लघुपटाला अमेरिकन ब्लॅक फिल्म फेस्टिव्हलमध्ये एचबीओचं लघुपट पारितोषिक मिळालं होतं. म्हणजे महोत्सव नकोत हे सिद्ध करायला जो माणूस पुढे केला जातो, त्याला सुरुवातीला शाबासकी देणाऱ्यांत तसलाच एक महोत्सव होता.

‘मूनलाइट’चा बॅरी जेन्किन्सही बघा. पहिला चित्रपट 2008 मध्ये, जेमतेम 15 हजार डॉलरमध्ये केलेला, वाखाणला गेलेला. दुसरा थेट 2016 मध्ये. आठ वर्षं. कौतुक झालेल्या माणसालाही पुढचा चित्रपट उभा करायला इतका वेळ लागत असेल, तर ज्यांचं नावच कुणी ऐकलेलं नाही त्यांचं काय होत असेल?

आणि दोन-चार शिखरांवरून पठाराची उंची ठरत नाही. ऑस्कर 1929 पासून दिलं जातंय. 2025 च्या सोहळ्यापर्यंत सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचं ऑस्कर एकाही कृष्णवर्णीय व्यक्तीला मिळालेलं नव्हतं. 2015 आणि 2016 अशी लागोपाठ दोन वर्षं अभिनयाच्या वीसच्या वीस नामांकनांत सगळे गोरे कलाकार होते. मॅकिन्झी या सल्लागार कंपनीने 2021 मध्ये हिशेब मांडला, की कृष्णवर्णीयांबाबतचा हा भेदभाव दूर केला तर हॉलिवूडचं उत्पन्न वर्षाला आणखी 1,000 कोटी डॉलरनी वाढू शकेल. हे चळवळीतल्या लोकांनी काढलेलं पत्रक नाही, धंद्याचा सल्ला देणाऱ्यांचं गणित आहे.

‘वेगळी चूल मांडतात’

चूल वेगळी मांडली कुणी, याचा इतिहास बघायला हवा. 1915 मध्ये ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ आला. कू क्लक्स क्लान या गोऱ्यांच्या हिंसक वंशवादी संघटनेचे लोक त्यात तारणहार म्हणून दाखवले होते आणि तो व्हाइट हाउसमध्येही दाखवला गेला. त्यानंतर काहीच वर्षांत ऑस्कर मिशो हा माणूस चित्रपट करायला लागला. साउथ डकोटात शेती केलेला, स्वतःच्या कादंबऱ्या दारोदार विकलेला हा कृष्णवर्णीय गृहस्थ. ‘विदिन अवर गेट्स’ हा त्याचा 1920 चा चित्रपट. त्यात जमावाने कृष्णवर्णीयांना फासावर लटकवण्याचं चित्रण आहे. मिशो प्रती घेऊन स्वतः गावोगाव फिरायचा, थिएटरमालकांशी सौदे करायचा. वंशभेदाच्या त्या काळात कृष्णवर्णीयांना गोऱ्यांच्या थिएटरात एरवी मज्जाव तरी असे, नाहीतर बाल्कनीचा कोपरा. त्यांच्यासाठी असलेले खेळ अनेक ठिकाणी मध्यरात्री लावले जात. ‘विदिन अवर गेट्स’ची अमेरिकेत एकही प्रत उरली नव्हती. पुढे स्पेनच्या चित्रपट संग्रहालयात एक सापडली, तिच्यावरूनच आज तो बघता येतो.

1940 च्या ऑस्कर सोहळ्यात अभिनेत्री हॅटी मॅकडॅनियलला पुरस्कार मिळाला. पुरस्कार मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय. पण सोहळा ज्या हॉटेलात होता तिथे कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. तिच्या चित्रपटाच्या निर्मात्याने शब्द टाकला तेव्हा तिला आत घेतलं, आणि सहकाऱ्यांपासून लांब, भिंतीकडेच्या टेबलावर बसवलं.

आता न्यू जर्सीतल्या न्यूअर्ककडे या. आपल्यातले हजारो लोक याच शहराच्या विमानतळावर उतरतात आणि तिथून थेट एडिसनची वाट धरतात. 1967 च्या जुलैत इथे पोलिसांच्या मारहाणीवरून उद्रेक झाला, 26 माणसं मेली. 1970 मध्ये केनेथ गिब्सन शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले. आणि 1974 मध्ये न्यूअर्क म्युझियममध्ये ब्लॅक फिल्म फेस्टिव्हल सुरू झाला. असा इतका जुना महोत्सव अमेरिकेत दुसरा नाही. विनामूल्य खेळ ही त्याची ओळख. चित्रपट संपला की दिवे लागतात आणि दिग्दर्शक किंवा जाणकार समोर बसून प्रेक्षकांशी बोलतात. मुलांसाठी वेगळे खेळ ठेवले जातात. 1985 पासून स्वतंत्र चित्रपटकारांसाठी कृष्णवर्णीय गायक-अभिनेते पॉल रोबसन यांच्या नावाने पुरस्कारही आहे. ज्या शहराचं नाव बातम्यांत फक्त दंगलीसाठी यायचं, तिथल्या लोकांनी म्युझियमच्या सभागृहात बसून स्वतःबद्दलचे चित्रपट बघायचे आणि त्यावर वाद घालायचे, ही साधी गोष्ट नव्हती. यात फुटीरपणा कुठे आहे, ते मला दाखवा.

दारावर तर कुणी कुणाचा वर्ण विचारत नाही. लॉस एंजेलिसच्या पॅन आफ्रिकन फिल्म फेस्टिव्हलमध्ये, जो अभिनेता डॅनी ग्लोव्हर वगैरेंनी 1992 मध्ये सुरू केला, चित्रपट पाठवणारा आफ्रिकी वंशाचाच हवा अशी अटही नाही. विषय आफ्रिकी वंशाच्या लोकांचा हवा.

‘व्हाइट फिल्म फेस्टिव्हल काढला तर?’

फ्रान्सचा कान महोत्सव 1946 मध्ये सुरू झाला. त्याच्या मुख्य स्पर्धेत कृष्णवर्णीय स्त्रीने दिग्दर्शित केलेला चित्रपट पहिल्यांदा आला तो 2019 मध्ये, माती दियोपचा ‘अटलांटिक्स’. सनडान्स हे अमेरिकेतल्या स्वतंत्र चित्रपटांचं पंढरपूर. तिथे कथापटांच्या विभागात दिग्दर्शनाचा पुरस्कार पहिल्यांदा कृष्णवर्णीय स्त्रीला, एव्हा डुव्हर्नेला, मिळाला 2012 मध्ये. फलकावर ‘व्हाइट’ लिहिलेलं नव्हतं, एवढंच. शिवाय सॅन फ्रान्सिस्कोत 1980 पासून ज्यू चित्रपटांचा महोत्सव भरतो, न्यूयॉर्कमध्ये भारतीय चित्रपटांचा भरतो, 2024 मध्ये कॅलिफोर्नियात सॅन होजेला मराठी चित्रपटांचा भरला. तेव्हा उलट्या वंशवादाची आठवण कुणाला झाली नाही, आणि होण्याचं कारणही नव्हतं. मराठी चित्रपटाला मल्टिप्लेक्समध्ये संध्याकाळचा शो मिळत नाही म्हणून आपण किती भांडलो! ‘चांगला असेल तर चालेल’ असं तेव्हा कुणी ऐकवलं की आपल्याला राग यायचा, आणि तो रास्त होता.

‘यूट्यूबच्या जमान्यात महोत्सवांना कोण विचारतो?’

यात थोडं तथ्य आहे. लेखिका-अभिनेत्री इसा रेची मालिका 2011 मध्ये यूट्यूबवरच सुरू झाली आणि तिथून इसा एचबीओपर्यंत पोचली. पण यूट्यूबवर चढवणं वेगळं आणि प्रेक्षकांपर्यंत पोचणं वेगळं.

याच डुव्हर्नेने ‘आय विल फॉलो’ हा चित्रपट सुमारे 50 हजार डॉलरमध्ये केला होता. वितरकाच्या भरवशावर न राहता तिने वेगवेगळ्या शहरांतल्या ब्लॅक फिल्म फेस्टिव्हलांना एकत्र आणलं आणि त्यांचंच वितरणाचं जाळं बनवलं. महोत्सवांचे कार्यकर्ते आपापल्या गावात प्रेक्षक जमवणार, चित्रपट रीतसर व्यावसायिक थिएटरांत लागणार, अशी योजना. 2011 च्या मार्चमध्ये तो तसा लागला. ती संस्था पुढे ‘ॲरे’ (Array) या नावाने वाढली. दिग्दर्शक हायले गेरिमांचा ‘सांकोफा’ 1993 चा. गुलामगिरीवरचा हा चित्रपट घ्यायला तेव्हा अमेरिकेतला एकही वितरक तयार नव्हता, म्हणून गेरिमांनी स्वतः थिएटर भाड्याने घेऊन, लोकांच्या मदतीने शहरोशहरी दाखवला. तो 2021 मध्ये नेटफ्लिक्सवर आला तो या ‘ॲरे’मुळेच. स्ट्रीमिंगने महोत्सव निकालात काढले म्हणणाऱ्यांनी हा रस्ता एकदा उलट दिशेने चालून बघावा.

‘आणि आपल्याला काय त्याचं?’

हे वाक्य फॉरवर्डच्या शेवटी असतंच. आपल्याला पुष्कळ आहे. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांच्यासमोर अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेचं उदाहरण होतं. बाबासाहेब 1913 ते 1916 ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, तिथेच 2019 च्या फेब्रुवारीत दलित चित्रपट आणि सांस्कृतिक महोत्सव भरला. ‘फँड्री’ त्यात होता. ‘कलेत जात कशाला आणता’ हा प्रश्न तेव्हा ज्यांनी विचारला आणि ‘कलेत वंश कशाला’ असं जे आज विचारतात, त्या दोघांनाही मी हेच विचारेन, की ‘फँड्री’तल्या जब्याला पडद्यावर यायला मराठी सिनेमाची इतकी दशकं का जावी लागली?

फिलाडेल्फियाच्या आसपास राहणाऱ्यांसाठी उन्हाळ्यात ब्लॅकस्टार महोत्सव आहे. शिकागोकरांसाठी जीन सिस्केल फिल्म सेंटरमध्ये ब्लॅक हार्वेस्ट, लॉस एंजेलिसमध्ये फेब्रुवारीत पॅन आफ्रिकन, आणि न्यू जर्सीकरांना तर न्यूअर्क हाकेच्या अंतरावर. पुढचा फॉरवर्ड ढकलण्याआधी यातल्या एखाद्या ठिकाणी लघुपटांचा एक खेळ बघा, आणि नंतरच्या गप्पांना थांबा. तिथे दिग्दर्शकांना हमखास विचारलं जातं, हा चित्रपट पुढे कुठे बघायला मिळेल? त्यांची उत्तरं नीट ऐका.