बाळ बघायला येताय? येताना डबा आणा

तर, आषाढातल्या धो धो पावसात आमच्या गोव्यातल्या घरी दुसरी नात आली. आई आणि बाळ दोघीही सुखरूप. फोटो टाकणार नाही, मागू नका. आणि पुढे जे लिहिणार आहे ते वाचून नात्यागोत्यातले चार जण फुगून बसतील हेही मला ठाऊक आहे. खुशाल फुगा. चवथीपर्यंत, म्हणजे गणेश चतुर्थीपर्यंत, आमच्याकडचे सगळे रुसवे निवळतात, असा आजवरचा शिरस्ता आहे.

माझं म्हणणं असं की 'बाळ बघायला जाणं' यातलं बघणं तेवढं आपण ठेवलं, आणि जाऊन जे करायचं असतं ते सोडून दिलं.

माझ्या सासूबाईंच्या वेळी या घरात वैजीण, म्हणजे सुईण, यायची. पहाटे न्हाणीच्या चुलीत नारळाची सोडणं सारून भाणभर, म्हणजे हंडाभर, पाणी कढत व्हायचं. ती आधी बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायची, मग बाळंतिणीला. घरात दोन जावा, एक नणंद, शिवाय कायमची माहेरी आलेली एक आत्या. शेजारीण बाळ बघायला आली तरी मागच्या दारानं यायची, पाळण्यात एक नजर टाकायची आणि सरळ आदोळीवर, म्हणजे नारळ खोवायच्या विळीवर, बसायची. गप्पा मारून उठेपर्यंत तिचे दोन नारळ खोवून झालेले असायचे. त्या काळाचे गोडवे गायला मी बसलेली नाही. सासूबाईंची दोन मुलं पाळण्यातच गेली, आणि ती सांगतानाही त्यांचा आवाज हलत नसे, इतकं ते त्या वेळी नेहमीचं होतं. आज गोव्यात जवळजवळ प्रत्येक बाळंतपण दवाखान्यात होतं, हे सोन्यासारखं झालं. पण दवाखान्यातून घरी आल्यावर पुढे कोण?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यात बाईमागे सरासरी १.३ मुलं निघाली, देशात २. म्हणजे दोन नातींसह आम्ही आता गोव्याच्या सरासरीच्या चांगलेच वर गेलो! मी जन्मभर मराठी प्राथमिक शाळेत शिकवलं, वर्गाचा पट दर जूनला उतरताना पाहिला. इंग्रजी शाळांची ओढ हे कारण होतंच, पण मुळात मुलंच कमी होत होती. मुलं कमी झाली की पुढच्या पिढीत काकी, मावशी, आते याही कमी होतात, हे मात्र तेव्हा ध्यानात येत नव्हतं. आमच्या सुनेला बहीण नाही, मुलाला भाऊ नाही. तिच्या आईचे गुडघे गेलेले. रात्री दोन वाजता बाळ रडलं तर उठायला माणसं मोजून तीन, त्यातली एक टाके घातलेली.

हो, टाक्यांचंही सांगते. त्याच पाहणीत गोव्यातली ३९.५ टक्के बाळंतपणं सिझेरियननं झालेली आहेत, देशात २१.५ टक्के. हे इतकं का वाढलं हा डॉक्टरांनी उत्तर द्यायचा प्रश्न, त्यात मी पडत नाही. पण तुम्ही ज्या पाच बाळंतिणी बघायला जाता, त्यांतल्या दोघींचं पोट शिवलेलं असतं एवढं तरी मनात धरा. उठताना ती कुशीवर वळते, कोपरावर भार देते, मग पाय खाली सोडते. खोकला आला तर पोटावर उशी दाबून धरते. आणि आपण दारातून म्हणतो, "उठू नको गो, उठू नको." अहो, तुम्ही आलात म्हणूनच ती उठते आहे!

परवाचंच बघा. पडवीत चार ओल्या छत्र्या, दांडीवर न सुकलेली लंगोटं (आषाढात लंगोट सुकवणं ही स्वतंत्र विद्या आहे, ज्याला जमली त्यानं मला शिकवावी), आणि खोलीत तीन पाहुण्या. बाळ जागं होऊन मान इकडेतिकडे वळवायला लागलं, मूठ तोंडात घालू लागलं. ही भूक. रडणं फार नंतर येतं. सूनबाईनं ते बघितलं, माझ्याकडे बघितलं. पाहुण्यांनीही बघितलं, पण त्यांना वाटलं बाळ आपल्याकडे बघून हात हलवतंय. दहा मिनिटांनी ते लालबुंद होऊन किंचाळायला लागलं तेव्हा एक जण म्हणाली, "पोट दुखतं वाटतं, दूध पुरत नाही काय?"

तान्हं बाळ दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पितं. तुम्ही दोन तास बसलात की त्यातली एक वेळ गेली, आणि त्यासोबत तिची झोपही गेली. दूध कमी पडतं ते असल्याच गोष्टींनी. बाळ जितकं ओढेल तितकं दूध येतं, आणि ओढायला त्याला छातीशी लागावं लागतं, पाहुण्यांच्या मांडीवर नव्हे.

सुवेराबद्दलही, म्हणजे बाळंतपणाच्या विटाळाबद्दल, एकदा बोलूनच टाकते. दहा दिवस देवाला शिवायचं नाही, बाळंतिणीचं ताट वेगळं, पेला वेगळा. माझ्या बाळंतपणात मी यावर भांडले आणि आजही भांडेन. जी बाई मरणाच्या दारातून परत आली ती विटाळशी कशी? पण त्या दहा दिवसांत घरी कोणी फिरकत नसे, हा त्यातला फायदा होता. आम्ही विटाळ टाकला ते उत्तमच झालं; त्याच्याबरोबर बंद दारही टाकलं आणि मोबाईलमुळे दवाखान्यातच रांग लावली.

म्हणून आमच्या घरी यंदा नियम केला. पहिला दीड महिना घरच्यांखेरीज कोणी बाळाला उचलायचं नाही, तोंडाला तोंड तर कोणीच लावायचं नाही. दीड महिनाच का, तर डांग्या खोकल्याविरुद्धची लस बाळाला सहाव्या आठवड्यात पहिल्यांदा मिळते. जन्मल्या जन्मल्या टोचतात ती बीसीजी आणि हेपटायटीस बी, आणि पोलिओचे थेंब. मोठ्या माणसाला जो नुसता ठसका वाटतो त्यानं एवढ्याशा जिवाचा श्वास अडकतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर घरी थांबायचं नसतं, रात्र असो की पाऊस, थेट दवाखाना. त्यामुळे "मला जरासं पडसं आहे, पण लांबूनच बघते" म्हणणाऱ्यांना मी पडवीतच चहा दिला. त्यातल्या एक बाई अजून बोलत नाहीत.

या नियमाची अंमलबजावणी थोरली करते. ती चार वर्षांची आहे. धाकटी घरी आली त्या आठवड्यात जो येईल तो तिचा गाल ओढून म्हणायचा, "आता तुझे लाड सोंपले गो!" मोठ्या माणसांना यात काय गंमत वाटते मला आजवर कळलेलं नाही. चार-सहा जणांनी तेच म्हटल्यावर पोरीला ते खरं वाटलं. अंथरूण ओलं करायला लागली, पेज मी भरवली तरच खाईन म्हणायला लागली, आणि एका दुपारी पाळण्यात पाय घालून चढताना सापडली. तिला ओरडायचं नाही असं आम्ही ठरवलं. सूनबाई रोज बाळ माझ्याकडे देऊन तिला एकटीला कुशीत घेऊन पडते, गोष्ट सांगते. आणि मी तिला दारावर नेमली. पडवीतल्या नळाशी साबण ठेवला आहे. कोणी आलं की ही कमरेवर हात ठेवून विचारते, "हात धुयले?" परवा आमच्या भटजींनाही सोडलं नाही. त्यांनी मुकाट्यानं धुतले.

आता डब्याचं. पाळण्याला अडकवायची खेळणी, गुलाबी झबली, पैशांची पाकिटं भरपूर झाली. झबली तर इतकी आली की ती घालायच्या आधीच आखूड होणार. जेवण कोणीच आणत नाही. आणलंच तर पेढे. आषाढात मासळीची बंदी, ३१ जुलैपर्यंत ट्रॉलर समुद्रात जात नाहीत, बाजारात जे मिळेल ते सोन्याच्या भावानं. आणि बाळंतिणीला मुडदुशी हा मासा द्यावा ही आमच्याकडची जुनी समजूत, पचायला हलकी म्हणून. अशात एके दिवशी शेजारची काकी, जी फार बोलतही नाही, नदीतल्या चार मुडदुश्या साफ करून, मीठ-हळद लावून डब्यात घालून ठेवून गेली. आतही आली नाही. गेटला डबा अडकवून हाक मारली आणि चालती झाली. मला विचाराल तर या बाळाचं सगळ्यात चांगलं स्वागत तिनं केलं. पुढे श्रावण लागला तेव्हा एका नातेवाईक बाईंनी विचारलंच, "श्रावणात मासळी देता?" बाळंतिणीला श्रावण नसतो. डॉक्टरांनी भरपूर खा म्हणून सांगितलं आहे: भाजी, कडधान्य, अंडी, मासळी, पाणीसुद्धा हवं तितकं. नुसत्या पेजेवर आणि सुक्या खोबऱ्यावर ठेवायचे दिवस गेले. अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू मात्र मी करते, ते कोणी बंद करू शकत नाही.

माझ्या वयाच्या आज्यांना दोन शब्द. मधाचं बोट लावू नका, वर्षाच्या आत मध बाळाला विषासारखा भोवू शकतो. घुटी, ग्राइप वॉटर, साखरपाणी काही नको; सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. नाकाकानात तेल नको, डोळ्यांत काजळ नको. धुरी तर अजिबात नको. घुटी उगाळायची सहाण मलाही आवडते. तिच्यावर चंदन उगाळा. तेलानं अंग चोळणं मात्र चालतं, आणि ते माझ्याकडे आहे. सटीच्या रात्री मी कोरा कागद आणि पेनही ठेवलं होतं. सटवाईवर माझा विश्वास आहे की नाही ते मला धड सांगता येणार नाही, पण शिक्षिकेच्या घरात कागद-पेन ठेवायला हरकत कसली?

आता जे वाक्य मला सगळ्यात जास्त टोचलं ते. "परत चलीच?" म्हणजे परत मुलगीच? बारशाला "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" चाललं होतं तेव्हाही एक जण कुजबुजली, आणि कुजबुज सुनेला ऐकू जाईल इतकी मोठी होती. आपण गोंयकार बाहेर छाती काढून सांगतो, आमच्याकडे समान नागरी कायदा आहे, १८६७ च्या पोर्तुगीज संहितेपासून मुलीला मुलाइतका वाटा आहे. खरं आहे. २०१२ चा गोव्याचा वारसा कायदाही तेच सांगतो. बापानं ठरवलं तरी मुलांचा हक्काचा अर्धा हिस्सा मृत्युपत्रानं दुसऱ्याला देता येत नाही. पण भावांनी नोटरीकडे हक्क सोडल्याच्या सहीला बोलावल्यावर किती बहिणी "नाही" म्हणतात ते आपापल्या घरात आठवून बघा. त्याच २०१९-२१ च्या पाहणीत, आधीच्या पाच वर्षांतल्या जन्मांत, गोव्यात हजार मुलग्यांमागे ८३८ मुली निघाल्या. २०१५-१६ च्या पाहणीत ९६६ होत्या. आपलं राज्य लहान, पाहणीतली बाळंही थोडी, त्यामुळे आकडा डोलतो हे मान्य. तरी तो मला झोपेतून उठवणारा आहे. कायदा चांगला असून भागत नाही. "परत चलीच?" विचारणाऱ्या बाईला मी बारशाच्या भर कार्यक्रमात विचारलं, "तुमच्या आईला दुसरी कोण झाली होती?" त्या स्वतः दुसऱ्या.

मुलाबद्दल थोडक्यात. सुनेला २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, पहिल्या दोन मुलांपर्यंत कायद्यानं मिळते. माझ्या मुलाला खाजगी नोकरीत कायद्यानं एक दिवसही नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत असता तर १५ दिवस मिळाले असते. साठवलेली रजा टाकून तो घरी राहिला तर कोणी तरी त्याला म्हणालं, "तू घरी बसून काय करतोस?" लंगोट धुतो, रात्री दुसऱ्या पाळीला ढेकर काढतो, आणि २१ दिवसांच्या आत जन्माची नोंद झाली की नाही हे जाऊन बघून आला. हे शेवटचं महत्त्वाचं आहे. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून ड्रायव्हिंग लायसन्सपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागणार. नाव ठरलं नसेल तरी नोंद करा, नाव वर्षभरात बिनशुल्क घालता येतं. आमच्याकडे नावावरून चार दिवस युद्ध झालं, पण नोंद वेळेत झाली.

राहिली चवथ. मूळ घर आमचं, गणपती आमच्याकडे, वास्को-पुण्या-मुंबईचे सगळे येणार आणि यायलाच हवं. तोवर बाळाची सहाव्या आठवड्यातली लस होऊन गेलेली असेल, सगळ्यांना बघायला मिळेल. आरतीला घुमट, शामेळ, कासाळं बाहेरच्या चौकात वाजवा, बाळ आतल्या खोलीत असेल. फटाके अंगणात नाहीत. गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायला यंदा उंच माणूस लागेल. नेवऱ्यांसाठी, म्हणजे करंज्यांसाठी, आदल्या दिवशी निदान दोघी तरी या. सूनबाई यंदा तळणाला बसणार नाही. मुलगा बसेन म्हणतोय, पण त्याच्या नेवऱ्या तेलात फुटतात. तेव्हा कोण येतंय ते मला फोन करून कळवा, इथे कमेंटमध्ये नको.